५/२ म्हणजे नेमके किती? घोड्यांच्या भावाचा हिशेब, मामाआजोबांच्या वहीतून

नागपूरहून बोलतोय. हा भाग ऐकताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येईल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. आणि खरं सांगू का, आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचलेला बरा. आज आकडे आहेत. कानाने आकडे ऐकले की डोक्यात खिचडी होते, म्हणून हे सगळं इथे लिहून ठेवतोय. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडून बसा.

विषय निघाला तो माझ्या मावसभावामुळे. बावीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नाव सांगत नाही, त्याने तशी अटच घातलीय. दोन महिन्यांपूर्वी रात्री अकराला घरी आला. म्हणाला, "दादा, तर्री पोहे खाऊ घाल." मी म्हटलं, "या वेळी? काय झालं बे?" तेव्हा कळलं की सेमिस्टरच्या फीचे अडतीस हजार रुपये उडाले होते. कुठल्यातरी ॲपवर, इंग्लंडमधल्या घोड्यांच्या रेसवर. ज्या घोड्यांची नावं त्याला धड उच्चारता येत नाहीत, त्यांच्यावर.

मी विचारलं, "तुला ते भाव तरी कळत होते का?"

तो म्हणाला, "कळत होते ना! १४/१ म्हणजे चौदातून एकदा जिंकतो. म्हणजे चौदा वेळा लावलं की एकदा येणारच."

या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्या तिन्ही सापडल्या, की आजचा भाग समजला.

आधी सोपं. अपूर्णांकात लिहिलेला भाव म्हणजे "किती लावले तर किती नफा". खालचा आकडा तुमचा, वरचा आकडा नफा. ५/२ म्हणजे २ रुपये लावा, घोडा जिंकला तर ५ रुपये नफा, शिवाय तुमचे २ रुपये परत. हातात एकूण ७. आता ५०० लावले तर? ५०० ला खालच्या २ ने भागा, २५० आले. त्याला वरच्या ५ ने गुणा, १२५०. हा नफा. तुमचे ५०० त्यात मिळवा, १७५०. झालं. कुठलाही भाव असो, खालच्याने भागायचं, वरच्याने गुणायचं.

खालचा आकडा मोठा असला तरी घाबरायचं नाही. ४/५ म्हणजे ५ लावले तर नफा फक्त ४. ५०० लावले तर नफा ४००, हातात ९००. असा भाव लाडक्या घोड्याला मिळतो, ज्याच्यावर सगळ्यांचाच जीव असतो. १/१ म्हणजे बरोबरीचा भाव, जेवढे लावले तेवढाच नफा.

आता मामाआजोबांची वही.

आईचे मामा परळच्या गिरणीत होते. जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते नागपूरला परत आले, महालात एका दुकानात हिशेब लिहायला लागले. मुंबईत असताना मात्र हंगामातल्या रविवारी ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जात. ते मैदान १८८३ पासूनचं. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल रेस घेतो, आणि पावसाळ्यात सगळा बारदाना पुण्याला जातो. इंडियन डर्बी पहिल्यांदा १९४३ मध्ये झाली ती इथेच, आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्युटिफुल नावाच्या घोडीने. मामाआजोबा ही गोष्ट अशी सांगत जणू तिचा लगाम त्यांच्याच हातात होता. त्यांचा तेव्हा जन्मही नव्हता.

तर त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही होती. त्यात चार रकाने. घोडा, भाव, लावले, आले. आणि भावाच्या रकान्यात ५/२ कुठेच नाही. तिथे लिहिलंय "अडीच". ७/२ च्या जागी "औट". ३/२ च्या जागी "दीड", ५/४ ला "सव्वा", ७/४ ला "पावणेदोन", ३/४ ला "पाऊण".

मला हे बघून फार मजा वाटली. आपण शाळेत बे एक बे वर थांबलो. ती पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेच पाढे पाठ करायची. औट म्हणजे साडेतीन. "औट घटकेचा राजा" म्हणतो ना आपण, तोच औट. साहेबाने फळ्यावर ७/२ लिहिलं की परळचा कामगार मनात औटकी म्हणायचा: पाच औट साडेसतरा. पाच लावले, साडेसतरा नफा. कॅल्क्युलेटर काढायची गरजच नाही.

बाहेरच्यांना विचित्र वाटणारे भावही त्यांना सरळ होते. १३/८ घ्या. आज आपण म्हणू, १.६२५, हा काय भाव झाला? पण १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. १३/८ म्हणजे रुपयाला नफा एक रुपया दहा आणे. ११/८ म्हणजे एक रुपया सहा आणे. १५/८ म्हणजे एक रुपया चौदा आणे. सगळं आण्यांत चोख बसतं. इंग्लंडमध्येही पूर्वी पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स होते, दशमान नव्हतंच. त्या जगात अपूर्णांकच सोयीचे. चलनं बदलली, फळ्यावरची लिखावट राहिली. म्हणून आजही ३/२ न लिहिता ६/४ लिहितात. त्यात गणिताचं काही कारण नाही, निव्वळ सवय.

ॲपवर बऱ्याचदा ३.५० असा दशांशातला भाव दिसतो. तो ५/२ च आहे. फरक इतकाच की दशांशात तुमचे स्वतःचे पैसे धरलेले असतात. अडीच नफा अधिक एक आपला, साडेतीन. मावसभाऊ इथेही घसरला होता. एकदा ३.५० ला त्याने "साडेतीनपट नफा" समजून पैसे लावले. आपलेच पैसे आपल्याला परत मिळणार, त्याला तो नफा धरत होता. आणि क्रिकेटच्या सट्ट्यात पानठेल्यावर ऐकू येतं ना, "पासष्ट पैसे चाललंय", ते म्हणजे रुपयाला ६५ पैसे नफा. ६५/१००. भाषा वेगळी, गोष्ट तीच.

आता खरी गंमत. भाव उलटा वाचायचा.

भावात एक अंदाज लपलेला असतो, घोडा जिंकायची शक्यता किती. सूत्र: खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. ५/२ मध्ये २ भागिले ७, म्हणजे साधारण २८.५७ टक्के. ४/१ म्हणजे १ भागिले ५, २० टक्के. ९/१ म्हणजे १० टक्के. १/२ म्हणजे २ भागिले ३, सुमारे ६६.६७ टक्के. आणि १४/१? १ भागिले १५. पंधरातून एकदा! चौदातून नाही. मावसभावाची पहिली चूक ही. चौदा वेळा हरतो आणि एकदा जिंकतो, असं ते वाचायचं असतं.

हे भाव प्रत्यक्षात कसे दिसतात याची क्रिकेटमधली दोन उदाहरणं. १९८३ च्या विश्वचषकाआधी भारताचा भाव ६६/१ होता. म्हणजे ६७ मध्ये एक, दीड टक्का. १०० लावणाऱ्याला ६६०० नफा. दुसरं त्याच्या दोन वर्षं आधीचं, १९८१, हेडिंग्लेची कसोटी. इंग्लंडवर फॉलोऑन आला, आणि मैदानावरच्या फलकावर इंग्लंडच्या विजयाचा भाव ५००/१ झळकला. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने दहा पौंड आणि रॉडनी मार्शने पाच पौंड लावले. आपल्याच संघाविरुद्ध! मग बोथमने नाबाद १४९ केले, विलिसने ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. लिलीला ५००० पौंड, मार्शला २५००. सूत्र लावून बघा: १० ला १ ने भागा, ५०० ने गुणा. आज कुणा खेळाडूने असं केलं तर त्याची कारकीर्द संपेल, आणि संपायलाच हवी.

अशा गोष्टी आपल्या लक्षात राहतात, हाच घोळ आहे. ज्या ६६/१ वाल्यांचं काहीच झालं नाही त्यांच्या गोष्टी कोण सांगतो?

असो. आता दुसरी चूक, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. भावात लपलेला तो अंदाज खरा नसतो. मुद्दाम नसतो.

आपण एक रेस लावू. फुटाळ्याच्या काठावर, सहा घोडे, सगळे काल्पनिक. संत्राबर्फी ६/४. तर्री ५/२. सावजी ४/१. पाटोडी ६/१. गोळाभात ९/१. आणि शेवटचा, मे महिन्याचं ऊन, १४/१. आता एकेकाची शक्यता काढा. संत्राबर्फी ४० टक्के. तर्री २८.५७. सावजी २०. पाटोडी १४.२९. गोळाभात १०. ऊन ६.६७.

बेरीज करा. मी थांबतो.

११९.५३ आली ना? आता सांगा, सहापैकी एकच घोडा जिंकणार, तर सगळ्यांची शक्यता मिळून शंभर टक्केच असायला हवी. वरचे साडेएकोणीस टक्के कुठून आले? ते बुकीचे. प्रत्येक घोड्याचा भाव त्याने थोडा थोडा कमी ठेवलाय. भाजीवाल्याने प्रत्येक मापात दोन मिरच्या कमी घालाव्यात, तसं. एका मापात कळत नाही.

पटत नसेल तर सहाही घोड्यांवर पैसे लावून बघा. संत्राबर्फीवर ४०००, तर्रीवर २८५७, सावजीवर २०००, पाटोडीवर १४२९, गोळाभातवर १०००, उन्हावर ६६७. एकूण ११,९५३ रुपये गेले. आता कुणीही जिंकू दे. संत्राबर्फी जिंकली, ४००० वर ६/४ ने ६००० नफा, हातात १०,०००. सावजी जिंकला, २००० वर ८००० नफा, हातात १०,०००. गोळाभात जिंकला तरी तेच. कुणीही जिंको, हातात दहा हजारच येतात आणि १९५३ रुपये जातात. रुपयाला साधारण ८४ पैसे परत.

म्हणजे ॲपवाल्याला घोड्यांतलं काही कळायची गरज नाही. पैसे सगळ्या घोड्यांवर नीट विभागले गेले की त्याचं काम झालं. एका घोड्यावर फार पैसे आले की तो त्याचा भाव उतरवतो आणि दुसऱ्याचा चढवतो. रेस सुरू होईपर्यंत भाव हलत राहतो तो यामुळे. मावसभावाला वाटायचं, भाव उतरला म्हणजे आतली बातमी फुटली. कधी तसंही असेल, पण बहुतेक वेळा फक्त गल्ल्याचा तोल सावरणं चाललेलं असतं.

तिसरी चूक "येणारच". समजा १४/१ चा अंदाज अगदी खरा आहे, पंधरात एक. तरी चौदा वेळा लावून एकदाही न येण्याची शक्यता किती? १४/१५ ला स्वतःशीच चौदा वेळा गुणा. ०.३८ येतं. शंभरातल्या ३८ जणांचे चौदाच्या चौदा डाव कोरडे जातात! आणि बुकीचा हिस्सा काढून उन्हाची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास धरली, तर हा आकडा जवळजवळ ४५ होतो. मावसभाऊ त्या पंचेचाळिसांतला होता. त्याचं नशीब काही खास वाईट नव्हतं, त्याच्या बाबतीत अगदी नेहमीचंच घडलं.

मग तो जास्त मोठ्या नफ्याच्या मागे लागला. पाच रेसचा एकत्र डाव. पाचही घोडे आले तर भावांचा गुणाकार होतो, म्हणून आकडा डोळे दिपवतो. पण गुणाकार तुमच्या तोट्याचाही होतो. एका रेसमध्ये रुपयाचे ८४ पैसे परत येत असतील, तर दोनमध्ये सत्तर, तीनमध्ये साधारण एकोणसाठ, पाचमध्ये फक्त एक्केचाळीस. ॲप अशाच डावाच्या जाहिराती का करतं, हे आता वेगळं सांगायला नको.

रेसकोर्सवर बुकीखेरीज टोट असतो, त्याचंही थोडक्यात. तिथे समोर कुणी भाव देत नाही. सगळ्यांचे पैसे एका हंडीत जमा होतात, क्लबचा वाटा आणि कर निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा एक लाख जमले, वीस हजार कापले, आणि जिंकलेल्या घोड्यावर वीस हजारांची तिकिटं होती. ऐंशी हजार भागिले वीस हजार, चारपट. दहा रुपयांच्या तिकिटाला ४० रुपये. यात आपले दहा आलेच, म्हणून अपूर्णांकात तो ३/१ झाला. पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर नावाच्या माणसाने १८६७ च्या सुमारास ही पद्धत काढली.

आता सरकार. घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात म्हटलं. म्हणून परवाना असलेल्या रेसकोर्सवर, परवाना असलेल्या बुकीकडे किंवा टोटवर लावलेले पैसे मटक्यासारखे बेकायदा ठरत नाहीत. फोनवरच्या ॲपची गोष्ट वेगळी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मावसभाऊ ज्यावर खेळला ते ॲप कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून उतरवलेलं. जिंकला असता तरी पैसे मागायला कुणाच्या दारात जाणार होता?

आणि जीएसटी. रेसवरच्या पैजांना आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, तोही पैजेच्या पूर्ण रकमेवर. अडीचच्या भावावर याचा परिणाम बघा. १०० ची पैज, वर ४० कर धरला तर खिशातून गेले १४०. जिंकलात, ५/२ ने हातात ३५०. खरा नफा २१०. २१० भागिले १४०, दीड! फळ्यावर अडीचकी आणि खिशात दिडकी. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

त्या रात्री पोहे काही मिळाले नाहीत, इतक्या उशिरा कुठे मिळणार. आम्ही चहा केला आणि मी कपाटातून लाल वही काढली. मामाआजोबा घोड्यांतले दर्दी होते. वंशावळ पाठ, जॉकी पाठ, ओल्या मैदानावर कोण पळतो, कोरड्यावर कोण, सगळं समासात लिहिलेलं. आकडेमोडीत तर एकही चूक नाही. पण दहा वर्षांची बेरीज त्यांनी कधी मारलीच नव्हती. प्रत्येक पानाखाली त्या दिवसाची बेरीज, पुढच्या पानावर पुन्हा शून्यापासून.

मावसभावाने फोनवर ती बेरीज मारली. त्याला तासभर लागला. लावले: ६,२४० रुपये. आले: ४,९८५. गेले १,२५५. आई म्हणते, तेव्हाचा त्यांचा तीन महिन्यांचा पगार.

"म्हणजे रुपयाला किती परत आले?" मी विचारलं.

त्याने भागाकार केला. "ऐंशी पैसे." मग थोडा वेळ वही उलटसुलट करत बसला. "दादा, यांना तर सगळं येत होतं बे. घोडे येत होते, पाढे येत होते. तरी ऐंशीच?"

फीचं सध्या असं झालंय की अर्धी रक्कम मी दिली, अर्धी तो शिकवण्या घेऊन फेडतोय. आठवीच्या दोन मुलांना गणित शिकवतो, अपूर्णांकच चालू आहेत. मावशीला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीआधी सांगणार म्हणतो. तिने हा भाग ऐकला तर त्याच्याआधीच कळेल, म्हणून मावशी, ऐकत असशील तर आधी मला फोन कर.

तुमच्यासाठी एक हिशेब सोडून जातो. चार घोडे, भाव १/१, ३/१, ४/१ आणि ५/१. बुकीचा वाटा किती टक्के? उत्तर कमेंटमध्ये टाका, पण पायऱ्यांसकट, नुसता आकडा चालणार नाही. पुढच्या भागात शंकरपटाबद्दल बोलू. २०१४ ची बंदी, २०२३ चा निकाल आणि तळेगाव दशासरची धूळ. भेटू.